गजूभाऊच्या गाडीची थंड हवा

कापसाच्या जिनिंग गिरणीत ज्यानं एक दिवस जरी काम केलं, त्याला माहीत आहे की रुईचा फुफाटा कोणी आणून टाकत नाही. तो आपोआप जमतो. सकाळी झाडलं की दुपारी कोपऱ्यात पुन्हा उशी भरेल एवढा! किस्स्यांचंही तसंच. मी काही ते जमवत बसत नाही. सातवी नापास माणूस मी, तेही दोनदा. पण दिग्रसच्या आमच्या गल्लीत माणसंच अशी राहतात की संध्याकाळपर्यंत एखादा किस्सा अंगाला चिकटतोच. मग कुठं तरी झटकावा लागतो. इथं झटकतो.

मी बाबाराव मिस्त्री. जिनिंगमध्ये फिटर होतो. आता रिटायर आहे, म्हणजे पगार बंद, काम चालू! घराला लागून टिनाचं शेड आहे, शेडमध्ये हवेचा एक जुना कॉम्प्रेसर आहे. उन्हाळा लागायच्या आधी गल्लीतले सारे कूलर तिथं येतात. मोटर फुंकून द्या, पंप फुंकून द्या, ताट्यांमध्ये नवा वाळा भरून द्या. बदल्यात मी गल्लीतल्या कोणाचीही टिंगल करू शकतो. तशी परवानगी कोणी दिली नाही, मीच धरून चाललो.

यंदा मात्र कूलरांच्या रांगेत एक कार येऊन उभी राहिली. पांढरी, सेकंडहँड. मालक गजूभाऊ, तहसील कचेरीत छत्तीस वर्षं बाबू. एसी लावला की हवा यायची उलशीक, अन् वास पोटभर!

दुसरा कोणी असता तर काचा खाली करून फिरला असता. पण गजूभाऊचं घोडं नातीच्या उष्टावणात अडलं होतं. त्याची पल्लवी यवतमाळला दिलेली. तिच्या लेकीला सातवा महिना लागलेला. आमच्याकडे पहिली खीर आजोळी भरवायची, मामाच्या हातानं. पण मे महिन्याचं ऊन, अन् विहीणबाई उन्हापेक्षा कडक. फोनवर एका दमात निकाल दिला, "भाऊ, एवढ्या झळांमंधी लेकरू एसटीनं नेऊ देणार नाही. तुमच्या गाडीचा एसी बर्फावाणी चालत असन तर या न्यायले. नाहीतर उष्टावण इकडेच होईन. मामाले म्हणा, तूच ये चमचा घेऊन!"

गजूभाऊ फोन खिशात टाकून शेडमध्ये आला. "मिस्त्री, आठ दिवस आहेत. नात इथं आली पाह्यजे."

चेहरा असा झाला होता त्याचा, की मी पूर्ण पाच मिनिटं त्याची टिंगल केली नाही.

* * *

पहिला प्रश्न उभा राहिला, वास कशाचा?

त्याकरता तज्ज्ञ मंडळी हजरच होती. नामदेव पाटील, कापूसवाला. याचं वावर गावाबाहेर, पण मुक्काम माझ्या शेडमध्ये. दुसरे मधुकर गुरुजी. शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही.

एसी चालू केला अन् एकेकानं जाळीला नाक लावून वास घेतला, खरबुजाचा घेतात तसा.

पाटील म्हणाला, "कुजलेली भुईमुगाची टरफलं."

गुरुजी म्हणाले, "बुरशी. ओलावा अधिक अंधार अधिक धूळ, बरोबर बुरशी. लिहून घ्या." आमच्यापैकी कोणाजवळ पेनही नव्हता.

मी म्हटलं, "मेलेली चिचुंद्री, जोडप्यानं."

तेवढ्यात कुसुमवहिनी, म्हणजे गजूभाऊची बायको, चहा घेऊन आली. ट्रे बोनेटवर ठेवला, डोकं आत घातलं, एकच श्वास घेतला अन् कप वाटायला लागली.

"वहिनी, कायचा वास आहे?"

"कायचा म्हणजे? कचेरीचा. छत्तीस वर्षं हे घरी आले की अस्साच वास येत जाय!"

* * *

आता गाडी खोलायची. पुढच्या खणाच्या, ज्यात माणसं कागद अन् जुने रुमाल कोंबतात त्याच्या, मागं हवेची गाळणी असते. गुरुजींनी मोबाइलवर व्हिडिओ पाहून ठेवला होता. पण गजूभाऊ पडला बाबू. त्यानं स्क्रू ड्रायव्हरला हात लावायच्या आधी घरातून पाकिटं आणली. एक स्क्रू, एक पाकीट. पाकिटावर वळणदार अक्षरात "क्र. १, डावी बाजू, वरचा." स्क्रू निघाला की पाकिटात, पाकीट बंद, मगच दुसरा स्क्रू.

"अबे गजू," मी म्हटलं, "लेकीची लेक लग्नाले येईन अशानं!"

"मिस्त्री, घाईनं उघडलेलं पुन्हा लागत नाही," असं म्हणून त्यानं क्र. २ वर रेघ मारली.

अकरा पाकिटं भरली तेव्हा खण निघाला. गाळणी ओढली तर ती आधी हललीच नाही. मग आली ती अख्खं घर घेऊन आली! उंदराचं. खाली रुईची गादी, बाजूला लिंबाचा पाला, कोपऱ्यात सोयाबीनचे दाणे सांभाळून ठेवलेले, अन् वरून सारं कागदाच्या किसानं शाकारलेलं. किसावर अर्धा गोल शिक्का दिसत होता. गजूभाऊनं गाडीच्या एकेका कागदाच्या तीन तीन झेरॉक्स काढून त्या खणात ठेवल्या होत्या. मालक घरी नव्हता, पण सारा संसार कचेरीच्या कागदावर उभा केलेला!

पाटलानं पोट धरलं. "गजूभाऊ, छत्तीस वर्षांत तुह्याच्यानं झालं नाही ते उंदरानं केलं! साऱ्या फायली एका दमात निकाली!"

गजूभाऊनं चष्मा वर केला, किस उलटा-पालटा करून पाहिला.

"निकाली काढल्या ते ठीक," म्हणाला. "पोच तरी द्यायची."

* * *

एसीची आणखी एक जाळी गाडीच्या नाकात असते. तिच्यातून वारा जाऊन आतली उष्णता बाहेर पडते. गजूभाऊची गाडी वर्षभर जिनिंगच्या भिंतीला टेकून उभी. त्या जाळीवर रुई अशी बसली होती की वरून खोळ चढवली तर सोफा झाला असता. मी ब्रशनं वरवरची काढली. पाटलानं एक पुंजका उचलला, दोन बोटांत ताणून पाहिला.

"धागा पाहा कसा लांब! हा माह्याच वावरातला."

"नाव लिहिलं आहे का त्याच्यावर?"

"बापानं पोरगं वळखाले नाव वाचा लागते काय बे?"

मग पाणी मारलं, तेही दमानं. फवारा जोरात मारला की जाळीची पाती वाकतात अन् होता तो वाराही बंद होतो. जिनिंगमध्ये ही चूक मी करून बसलो आहे, म्हणून सांगतो.

आतल्या जाळीवर फेस मारला. त्याचं पाणी एका नळीतून गाडीखाली पडायला पाहिजे. पडेना. चटई ओली व्हायला लागली. गुरुजी म्हणाले, "नळी चोंदली असन. मी पाहतो." अन् सत्तरीतला माणूस पोतं टाकून, पाठीवर, सरळ गाडीखाली!

खालून आवाज, "सापडली. आता समजून घ्या. बंद नळीत दाब वाढला की..."

मी वरून कॉम्प्रेसरचं तोंड नळीला लावलं. आता गुरुजींचं तोंड नेमकं नळीखाली होतं हे मला माहीत होतं का? हा प्रश्न त्यांनी मला पुढं चार वेळा विचारला.

"...दाब वाढला की द्रव हा..."

आला! काळाशार, सगळ्या वर्षाचा, अर्धा लोटा तरी असेल. वहिनी घाबरून वाकली.

"गुरुजी, काही झालं का?"

गुरुजींनी आधी थुंकून घेतलं. मग आतूनच म्हणाले, "प्रयोग यशस्वी!"

* * *

आता माझा किस्सा. मी साऱ्यांवर हसतो, म्हणून हा लपवला तर पाप लागेल.

गाडी वाळली. नवी गाळणी दिग्रसात मिळाली नाही, ती यवतमाळहून येणार होती. तोवर खण लावून ठेवू, असं गजूभाऊ म्हणाला. अकरा पाकिटं ओळीनं मांडली अन् हात धुवायला गेला. ती ओळ पाहून माझे हात खाजवायला लागले. शेडमध्ये माझ्या घरचा कूलर होता. त्याच्या मोटरीखालचा एक स्क्रू, दिसायला तस्साच काळा, मी काढला अन् क्र. ११ मध्ये टाकला!

गजूभाऊनं खण लावला. एक स्क्रू उरला. त्यानं पाकिटं मोजली, भोकं मोजली, पुन्हा पाकिटं मोजली. मग सारा खण खोलला अन् पुन्हा लावला. एक उरला. घाम पुसला. तिसऱ्यांदा खोलला. पाटील अन् मी कूलरच्या ताटीमागं तोंडात दुपट्टा कोंबून बसलो होतो. तिसऱ्यांदाही एक उरला!

गजूभाऊनं तो स्क्रू तळहातावर घेतला, चष्मा पुसून बराच वेळ पाहिला अन् खिशात टाकला.

"असू दे," म्हणाला. "कंपनीनंच एक जास्तीचा देल्ला असन."

त्या दिवशी मी पोट दुखेपर्यंत हसलो. घरी गेलो, कूलर लावला. खडखडखडखड!

ती मोटर मी जिनिंगच्या भंगारातून आणून बसवलेली. तिच्या मापाचा स्क्रू साऱ्या दिग्रसात नाही. तार बांधून पाहिली, कागद कोंबून पाहिला. दुपारी जरा डोळा लागला की खडखड. आमच्या घरची, सुमन, कपाळाला हात लावून बसली.

"काहो, साऱ्या गल्लीचे कूलर नीट करता अन् आपलाच काहून असा भजन करून राह्यला?"

काय सांगणार? गजूभाऊकडे स्क्रू मागावा, तर कबूल करावं लागतं. कबूल करावं, तर गल्लीत माझं राहिलं काय? मी म्हटलं, "नवीन वाळा आहे. बसन हळूहळू."

* * *

नवी गाळणी उद्या येते, परवा येते, असं करता करता चार दिवस राहिले. गजूभाऊ बेचैन. तेव्हा पाटील उठून उभा राहिला.

"कागदाच्या गाळणीसाठी कायले थांबता? माह्या घरी कापूस पडला आहे. अस्सल!"

आमच्या साऱ्यांच्या डोक्यात ती गोष्ट लगेच शिरली. कापसाच्या गावात कापूस म्हटलं की माणूस पुढचा विचारच करत नाही. वहिनीनं मच्छरदाणीच्या कापडाची खोळ शिवली, पाटलानं त्यात कापूस भरला, वरून चार टाके मारले. अशी सुबक गादी झाली की बाहुलीला निजवावं! बसवली. मी जिनिंगमध्ये उभा जन्म काढला, पण हा कापूस घरून सरळ आला आहे, म्हणजे बी न काढलेला, सरकीसकट आहे, एवढं माझ्याही ध्यानात आलं नाही.

गजूभाऊला हरिक एवढा झाला, की पंखा लावायच्या आधीच त्यानं विहीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल स्टिअरिंगला टेकवला. "बाई, एसी चालू करून दाखवतो. तुम्हीच पाहा!"

पंखा एकवर. छान. दोनवर. टक. टक. तीनवर. टकटकटक! सरकी पंख्यावर नाचायला लागली.

"मिस्त्री, हे काय वाजून राह्यलं?"

"थंडी आहे ना, दात वाजत असन," मी म्हटलं.

त्यानं बटण चारवर नेलं. मच्छरदाणी फाटली. अन् मग सगळ्या जाळ्यांतून एकदम पाटलाचं पीक बाहेर आलं! कापूसच कापूस. गजूभाऊच्या मिशा पांढऱ्या, गुरुजींचा चष्मा पांढरा, पाटलाच्या उघड्या तोंडात एक बोंडच. गाडीत कोणाला कोणी दिसेना. मोबाइल मात्र नीट चालू.

तिकडून विहीणबाई हळूच म्हणाल्या,

"भाऊ, बर्फावाणी म्हणलं होतं मी. खराच बर्फ पाडा, असं नव्हतं म्हणलं! लेकराले सर्दी होईन ना!"

* * *

तो कापूस पंख्यातून चिमट्यानं काढता काढता दीड दिवस गेला. मग खरी गाळणी आली. बसवली. हवा अशी यायला लागली की गुरुजींनी कानटोपी मागितली. एक दिवस हातात होता. गजूभाऊ म्हणाला, एकदा भर उन्हात आर्णी रोडनं नेऊन पाहू.

दुपारी निघालो. गजूभाऊ चालवायला, गुरुजी पुढं, मागं मी, मधे पाटील, खिडकीशी वहिनी. गुरुजींनी घरचा तापाचा थर्मामीटर आणून आरशाला टांगला होता. म्हणाले, "पारा उतरन तसतसं सांगत जाईन."

दहा किलोमीटर गेलो, पारा जागेवर. हात लावला तर जाळीतून हवा गार, पण गाडी आत भट्टी! वीस किलोमीटर. पाटलाचा सदरा पाठीला चिकटला. गजूभाऊ दर दोन मिनिटांनी विचारायचा, "गुरुजी, किती?"

"एकशे आठ. पुढं आकडेच नाहीत!"

शेवटी त्यानं एका बाभळीखाली गाडी थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर पाहत बसला. "मिस्त्री, उद्या आहे ना रे," एवढंच बोलला. मी उतरलो, बोनेट उघडलं, उगीच आत पाहत राहिलो. सारं बरोबर होतं.

पाटील पाण्याची बाटली घ्यायला वहिनीच्या बाजूनं गेला. खिडकीवर वहिनीनं ओला दुपट्टा टांगला होता, झळ लागू नये म्हणून. दार उघडताना तो पाटलाच्या हातात आला. अन् पाटील तसाच थांबला.

"वहिनी... काच खाली आहे!"

"हो, मंग? वीतभर ठेवली आहे. निघालो तेव्हापासून."

"काहून?"

"काहून म्हणजे? कूलर लावल्यावर खिडकी उघडी नाही ठेवली, तर घर दमट नाही होत का? हवेले बाहेर जायले जागा नको? तुम्हीच तर सांगता ना दरवर्षी, मिस्त्रीभाऊजी!"

सांगतो. दरवर्षी, प्रत्येक घरी, कूलर पोचवताना. मी बोनेटच्या मागं जरा खाली वाकलो.

"कुसुम, अगं हा कूलर नाही, एसी आहे," गजूभाऊ म्हणाला. "त्याले काच बंद लागते."

"मंग तोंडानं सांगायचं ना! अन् गुरुजी, तो थर्मामीटर झटकल्याशिवाय उतरत नाही. घरी उतरते का?"

गुरुजींनी थर्मामीटर गुपचूप खिशात ठेवला. वहिनी दुपट्टा पिळून घडी करता करता म्हणाली,

"आठ दिवस चार चार माणसं खोलून पाहून राह्यले होते. मले वाटलं, येवढ्यांतून एकाले तरी समजत असन!"

* * *

उष्टावणाच्या दिवशी गजूभाऊ अन् त्याचा अमोल, म्हणजे मामा, पहाटेच निघाले. काचा चारही वर. इकडं वहिनीनं ओसरीत रांगोळी घातली, पाट मांडला, चांदीची वाटी घासली. पाटलाकडून ताजं दूध आलं. घरात तीन कूलर लावले. मीच लावले, तिन्ही बिनआवाजाचे.

बारा वाजता गाडी गल्लीत शिरली. पुढच्या सीटवर विहीणबाई, पंजा एसीच्या जाळीवर ठेवून. नंतर कळलं की यवतमाळपासून तो हात त्यांनी काढलाच नव्हता, वैद्य नाडी धरून बसतो तशा! मागं पल्लवी, मामा, अन् मामाच्या मांडीवर ती ठमी, गाढ झोपलेली. गजूभाऊचा चेहरा म्हणजे नवरदेवाचा बाप.

गाडी दारात थांबली, अन् लाइन गेली!

साऱ्या गल्लीचे कूलर एकदम सुस्कारा टाकून बंद. ओसरीतून झळ आली ती भाकरीच्या तव्यावरून यावी तशी. विहीणबाईंनी दार उघडलं, एक पाय खाली ठेवला, अन् पाय आत घेऊन दार लावलं.

काच बोटभर खाली झाली. "भाऊ, लेकरू खाली उतरणार नाही."

"बाई, सारी तयारी आहे. पाट मांडला..."

"लाइन आली का सांगा." काच वर.

आमच्याकडे उन्हाळ्यात लाइन गेली की कधी येईल हे देवालाही विचारू नये. गुरुजी वरच्या तारेकडं पाहत उभे राहिले. गजूभाऊ पाटाकडं पाहत उभा राहिला. मग वहिनीनं पदर खोचला.

"लेकरू खाली येत नाही ना? नको येऊ दे. उष्टावण वर जाईन!"

गाडी माझ्या शेडच्या सावलीत लावली. इंजिन चालू ठेवलं. वहिनीनं चारही चाकांभोवती रांगोळी काढली. पाट गाडीत मावत नव्हता, म्हणून तो टपावर ठेवला, मान म्हणून. गजूभाऊ चालवायच्या जागी बसला, मामा ठमीला घेऊन पुढं आला, विहीणबाई मागं सरकल्या पल्लवीजवळ. मागं एका माणसाची जागा उरली.

ती एक जागा उरली, हे गल्लीच्या लगेच लक्षात आलं!

बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत काश्मीर. जो तो आशीर्वाद द्यायला निघाला. रांग लागली. जी बाई एरवी ओसरीवरून ओवाळून गेली असती, ती आत बसून नातीच्या पणजीपर्यंत चौकशी करायला लागली. पाटील तिसऱ्यांदा आत शिरला तेव्हा विहीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"पाटील, तुम्ही आत्ताच आशीर्वाद देऊन गेले ना?"

"तो माह्या बाईकडून होता. त्याच्या आधीचा माह्याकडून."

"अन् हा?"

"बैलजोडीकडून. घरचेच आहेत ते!"

त्याला बाहेर ओढलं अन् मी आत बसलो. वयाचा मान असतो. तेवढ्यात ठमीनं डोळे उघडले. वहिनीनं काचेच्या वीतभर फटीतून वाटी आत दिली. मामानं चमच्यावर अंगठी फिरवली, खीर घेतली. गजूभाऊनं पंखा चारवर केला, नातीला गरम होऊ नये म्हणून.

ठमीनं खीर तोंडात घेतली. जरा विचार केला. अन् फुर्रर्रर्र!

सारीच्या सारी सरळ मधल्या जाळीत! एक थेंब खाली नाही. अन् पुढच्याच क्षणी त्या जाळीतून थंडगार वेलदोड्याचा वास आला, अन् बारीक बारीक शिंतोडे आमच्या साऱ्यांच्या तोंडावर. ठमी टाळ्या पिटायला लागली.

विहीणबाईंनी नाकावरची खीर पदरानं पुसली. एसीकडं पाहिलं, मग गजूभाऊकडं.

"भाऊ, आता?"

गजूभाऊनं शांतपणे इंजिन बंद केलं. दाराच्या कप्प्यातून स्क्रू ड्रायव्हर काढला, मग दोऱ्यानं बांधलेला पाकिटांचा तो गठ्ठा काढला. रिकामी पाकिटंही त्यानं जपून ठेवली होती.

"मिस्त्री, धर," म्हणून त्यानं गठ्ठा मागं दिला.

दोरा सुटला. पाकिटं माझ्या मांडीवर पसरली. सारी हलकी, एक मात्र जड. हलवलं तर आत काहीतरी खुळखुळलं. पालथं केलं. वर तेच वळणदार अक्षर:

"क्र. १२. मिस्त्रीच्या कूलरचा. स्वतः मागितल्याशिवाय देऊ नये."